अकरा पोती, दोन पेट्या: गुरुजींच्या मासिकांचं काय केलं

गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं. नाव देत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. गुरुजी १९९१ साली जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि तीन वर्षांपूर्वी गेले. मागे पाच एकर वावर राहिलं, कवेलूच्या माडीचं घर राहिलं आणि माडीवर अकरा पोती आणि दोन लोखंडी पेट्या भरून मासिकं राहिली. मी गावच्या वाचनालयाची ग्रंथपाल. चौथीपर्यंत गुरुजींच्याच वर्गात होते. म्हणून थोरल्या भाऊंनी फोन केला तो मला.

घाईचं कारण साधं होतं. माडी गळत होती. ती उतरवून वर स्लॅब टाकायचा होता. अक्षय तृतीया झाली की मिस्त्री लागणार आणि मृगाच्या आत काम संपवणार. म्हणजे माडीवर जे काही होतं ते महिन्याभरात खाली यायला हवं होतं, आणि खाली जागा नव्हती. कबाडीवाला दोनदा येऊन गेला होता. किलोला बारा रुपये म्हणत होता.

घरात मतं चार होती, आणि मला वाटलं होतं त्याच्या अगदी उलट होती. माझी समजूत अशी की आजी 'यांची आठवण' म्हणून सगळं जपा म्हणतील. त्यांचं वय चौऱ्याऐंशी. सपरीत बाजेवर बसून त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "बाई, चाळीस वर्सं म्या त्याची धूळ झाडली. दर दिवाळीले एकेक पोतं खाली काढा, हवा दाखवा, परत वर चढवा. त्यायले वाचाले वेळ होता, मले झाडाले. देऊन टाका सगळं."

थोरल्या भाऊंना सोयाबीनची पोती ठेवायला कोरडी जागा हवी होती. त्यापुढे त्यांचं काही म्हणणं नव्हतं. वहिनींना कागदाची धूळ उडाली की दम लागतो. शिवाय मुलगी बारावीला, तिला अभ्यासाला एक कोपरा पाहिजे. आणि पुण्याचे धाकटे भाऊ व्हिडिओ कॉलवर ठासून सांगत होते, एकही अंक विकायचा नाही, हा वारसा आहे, जुने अंक आता हजारांत जातात. नऊ वर्षांत ते त्या माडीचा जिना चढलेले नव्हते. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही, पण लिहिताना झाकत नाही.

पहिली चूक माझी. कुणाशी न बोलता मी म्हणून गेले, "वाचनालयात आणून टाका सगळं, मी बघते." आमचं वाचनालय ड वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यांत खालचं. दोन आलमाऱ्या, एक टेबल आणि पावसाळ्यात एका कोपऱ्यात बादली. समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी एकच विचारलं, "ठेवशील कुठं?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. परत येऊन आजींना सांगावं लागलं की सगळं घेता येणार नाही. जुनी मासिकं 'कुठंतरी देऊन टाकू' म्हणणाऱ्या प्रत्येकानं ते 'कुठंतरी' आधी डोळ्यांनी बघून यावं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयालाही पत्र लिहिलं. उत्तर आलं, सलग वर्षांचे पूर्ण संच असतील तर कळवा. पूर्ण संच नव्हते.

मग मोजायला बसलो. उन्हाळ्यातले तीन रविवार, सकाळी सहा ते दहा, त्यानंतर माडीवर थांबणं शक्य नव्हतं. भाऊ पोती उतरवत, मी आणि नात सपरीत सतरंजीवर अंक लावत होतो. तोंडाला रुमाल, हातात रंगाचा मऊ ब्रश. वहिनींना मुद्दाम लांब ठेवलं. एकूण अंक भरले १,३४२.

सर्वांत मोठा गठ्ठा किर्लोस्कर, स्त्री आणि मनोहर यांचा, ४१२. 'किर्लोस्कर' १९२० साली किर्लोस्करवाडीहून निघालं, 'स्त्री' १९३० आणि 'मनोहर' १९३४चं. गुरुजींकडचे अंक १९५६पासूनचे. त्यातले २२८ त्यांनी यवतमाळला नेऊन सहा-सहाचे खंड बांधून घेतले होते, कापडी पाठीचे, एकूण ३८. सत्यकथेचे ४६ अंक होते. ते मासिक १९८२ साली बंद पडलं आणि गुरुजींकडचा शेवटचा अंकही त्याच वर्षाचा. दिवाळी अंक ९४, त्यातले बरेच मूर्तिजापूरच्या स्टेशनावरून आणलेले. दारव्ह्याहून शकुंतला रेल्वेत बसायचं, मूर्तिजापूरला उतरायचं, अंक घ्यायचे आणि परतीच्या गाडीनं यायचं. त्या नॅरोगेज गाडीच्या वेगानं एक अंक घरी येईपर्यंत वाचून होत असावा. चांदोबा आणि किशोर मिळून १६७, सगळ्यांत फाटके, म्हणजे सगळ्यांत जास्त वाचलेले. साप्ताहिकं आणि लोकराज्य वगैरे १९८. आजचा सुधारक ३१. शेतकरी संघटनेचं 'शेतकरी संघटक' ६१. तुकडोजी महाराजांच्या मोझरीचं 'श्रीगुरुदेव' ११८. शेतीची मासिकं २०३. आणि एका पेटीच्या तळाशी, पिवळ्या फडक्यात, बारा वह्या आणि पुस्तिका, ज्यांना काय म्हणावं ते आधी कळेना.

आता कागदाबद्दल. याच्याशिवाय पुढचे निर्णय समजणार नाहीत. साप्ताहिकं आणि स्वस्त मासिकं ज्या कागदावर छापायचे तो लाकूड दळून केलेला. त्यात लिग्निन राहतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं. शिवाय शाई पसरू नये म्हणून त्या काळी कागदाला तुरटी आणि राळ देत. तुरटीमुळे कागदात आम्ल राहतं आणि ते आतल्या आत धागे तोडत बसतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश आणि पावसाळ्यात भिंतीला ओल, म्हणजे हे काम दुप्पट वेगानं. तपासायची रीत सोपी आहे. पानाचा एक कोपरा आत दुमडायचा, मग तोच बाहेर दुमडायचा. दोन-तीनदा असं करून तुटला, तर तो अंक आता हाताळून वाचायच्या पलीकडे गेला. साप्ताहिकांचा कोपरा पहिल्याच घडीला हातात आला. सत्यकथेचा कागद टिकला होता. बांधलेल्या खंडांची पानं बरी होती, पण पाठीची खळ कसरीनं खाल्ली होती, कसरीला कागदापेक्षा खळ प्यारी. पिना गंजून प्रत्येक अंकाच्या मध्यावर दोन तपकिरी डाग. नातीनं नखानं न उचकटता चिमट्यानं त्या सरळ करून काढल्या आणि सुती दोऱ्यानं अंक शिवले. सगळे नाही, जे राहणार होते तेवढेच.

पुण्याच्या भाऊंचा हजारांचा प्रश्न दुसऱ्या रविवारी निकाली निघाला. त्यांनी खंडांचे फोटो जुनी पुस्तकं विकणाऱ्या एकाला पाठवले होते. त्यानं तीन गोष्टी विचारल्या. मुखपृष्ठं आहेत का, जाहिरातींची पानं आहेत का, पानं पूर्ण आहेत का. बांधणाऱ्यानं मुखपृष्ठं काढून टाकली होती, त्या काळी बरेच बांधणारे तसंच करत. जुन्या मासिकांना जी किंमत येते ती पुष्कळदा दलाल, मुळगावकर यांच्यासारख्यांच्या चित्रांना येते, ती असतात मुखपृष्ठावर. आणि पानांचं म्हणाल तर 'स्त्री'च्या खंडांत जागोजागी खिडक्या होत्या. चौकोनी, कात्रीनं नीट कापलेल्या.

नातीनं विचारलं, "आजी, हे कोनं कापलं?"

आजी आत गेल्या आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आल्या. विणकामाचे नमुने, लोणच्यांच्या कृती, बाळंतिणीच्या खाण्याचा एक तक्ता. सगळी कात्रणं 'स्त्री'तली. "मंग काय तं," त्या म्हणाल्या, "त्यायनं बांधून ठेवले, तं म्या उघडून पाह्यलेच नसन का?" गुरुजींना हे ठाऊक होतं का, असं मी विचारलं. त्या हसल्या, उत्तर दिलं नाही. विक्रेत्याच्या दृष्टीनं खंडाचं मोल तिथं संपलं. माझ्या दृष्टीनं त्या एका खंडाचं आणि त्या डब्याचं तिथूनच सुरू झालं.

आता मुद्द्यावर येते. जुनी मासिकं चाळताना सगळ्यांचा हात आधी नावाजलेल्या नावांकडे जातो. किर्लोस्कर आहे, सत्यकथा आहे, ते जपा. पण ती नावाजलेली आहेत म्हणूनच ती मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी आधीच ठेवलेली आहेत. किशोर तर बालभारतीचंच, १९७१च्या नोव्हेंबरात सुरू झालेलं, आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं आंतरजालावर फुकट ठेवलेत. दारव्ह्याच्या एका माडीत त्यांची आणखी एक प्रत कुजली काय, न कुजली काय. जे पातळ, स्वस्त, दिसायला रद्दी, ते मात्र कुणी ठेवलेलं नसतं.

शेतीच्या २०३ अंकांपैकी ५८ अंकांच्या समासात गुरुजींचं अक्षर सापडलं. निळी शाई, पुढे पुढे बॉलपेन. 'मृग कोरडा. आर्द्रात तीन दिवस. पराटी दुबार टोबली.' 'हायब्रीड चार, पहिल्यांदा, एक एकर.' 'सरकीचा भाव', पुढे आकडा. (पराटी म्हणजे कपाशी, हायब्रीड चार हे तिचंच संकरित वाण.) संपूर्ण डायरी त्यांनी मासिकाच्या कडेला लिहिली होती, जिथं त्या महिन्याचा पिकाचा सल्ला छापलेला असायचा त्याच पानावर. एका अंकात बोंडअळीसाठी एंड्रिन फवारण्याचा सल्ला आहे, आणि शेजारी समासात: 'गड्यास चक्कर. दारव्ह्यास नेले. बरा.' एंड्रिनवर पुढे देशात बंदी आली. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले तेव्हा सगळ्या देशाला कळलं. गुरुजींच्या समासातला गडी सत्तरच्या दशकातला. तो छापील सल्ला एखाद्या ग्रंथालयात मिळेलही. ती दोन ओळींची शाई आणखी कुठं मिळणार नाही.

या नोंदी वाचायला लागले ते थोरले भाऊ. जागा पाहिजे म्हणणारे. उभ्याउभ्या त्यांनी वीस-पंचवीस अंक काढले, वर्षांप्रमाणे लावले आणि एकदम बोलले, "म्हन्जे बाबा मले दरसाल मृगात पेर, मृगात पेर करत, अन् सोता आर्द्रात पेरत होते!" मग तिथंच बसून त्यांनी कोणत्या साली दुबार पेरणी झाली ते बोटांवर मोजलं. त्या दिवशी सोयाबीनच्या पोत्यांचा विषय निघाला नाही.

पिवळ्या फडक्यातल्या बारा गोष्टी अशा होत्या: गुरुजींच्या शाळेची सात हस्तलिखितं, मुलांनी बोरूनं लिहिलेली, कडेला रंगीत वेलबुट्टी, गावच्या सहकारी सोसायटीचे चार वार्षिक अहवाल, आणि भजनी मंडळाच्या यात्रेच्या खर्चाची एक वही. हस्तलिखितातल्या एका पानाखाली माझं नाव आहे. 'आमची विहीर', इयत्ता चौथी. कविता भिकार आहे. मी ती कुणाला दाखवली नाही.

पुढे निर्णय झाले ते असे. लगेच नाही, चर्चा दोन आठवडे चालली, आणि पुण्याशी एकदा मोठी वादावादी झाली, तिचे तपशील इथं नको.

समासात नोंदी असलेले शेतीचे अंक, फडक्यातल्या बारा वस्तू, खिडक्यांचा 'स्त्री'चा एक खंड आणि आजींचा डबा घरातच. आजींनी डब्यावर एकच अट घातली, चिकटवून परत मासिकात लावायचं नाही. चांदोबाचे वीस अंक नातवंडांनी निवडले, त्यांनी कुठल्या कसोटीवर निवडले ते विचारलं नाही. 'श्रीगुरुदेव' गावच्या गुरुदेव सेवा मंडळाला गेलं. त्यात तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ला गेले त्यानंतरचे अंक होते, आणि मंडळात रोज सायंकाळच्या प्रार्थनेला बसणारी आठ-दहा माणसं आहेत जी ते खरोखर वाचतात. माझ्या वाचनालयात सत्यकथा, आजचा सुधारक आणि शेतकरी संघटक आले, एका आलमारीचे दोन कप्पे, समितीनं तेवढंच मान्य केलं. 'सुधारक' नागपूरचं, दि. य. देशपांड्यांनी १९९० साली सुरू केलेलं. विदर्भातून निघालेली वैचारिक मासिकं गावच्या वाचनालयात दिसत नाहीत, म्हणून त्याच्यासाठी मी थोडी भांडले. उरलेले खंड आणि दिवाळी अंक पुण्याच्या भाऊंच्या नावानं वेगळे. त्यांना वारसा हवा होता, तो न्यायला गाडी त्यांनी आणायची असं ठरलं.

बाकी सगळं कबाडीला. १४१ किलो, १,६९२ रुपये. आजींनी पैसे मोजून घेतले.

घरात जे ठेवलं ते कसं ठेवलं, हे थोडं सांगते, कारण इथं दुसरी चूक झाली. काम चालू असताना निवडलेलं सामान दोन पोत्यांत भरून आम्ही आठवड्यासाठी कोठ्यात ठेवलं, जमिनीवर, भिंतीला टेकून. सातव्या दिवशी एका पोत्याच्या तळाशी मातीच्या नळ्या. उधई, म्हणजे वाळवी, जमिनीतूनच वर येते, भिंतीला टेकलेलं पोतं म्हणजे तिला केलेला जिनाच. त्यात 'आमची विहीर' नव्हती, पण शेतीचे तीन अंक गेले, त्यातला एक समासाच्या नोंदीचा. म्हणून मूळचे साठ होते, ते सत्तावन्न झाले असं नाही. अठ्ठावन्न होते, सत्तावन्न झाले. बाकीचे दोन कोरे होते. ती एक नोंद कोणत्या सालची होती हे आता सांगता येत नाही, कारण फोटो काढायचं काम आम्ही 'नंतर' ठेवलं होतं.

त्यानंतर लोखंडी आलमारी, खाली चार विटा, भिंतीपासून वीतभर दूर. पोतं नाही, ते ओल धरतं. घट्ट बांधलेलं प्लास्टिकही नाही, आतली ओल आतच राहून बुरशी धरते. सुती कापडात गुंडाळून आडवे ठेवले. कडुनिंबाचा पाला आजींच्या आग्रहानं, पण सावलीत कडक वाळवून, ओला पाला कागदावर डाग पाडतो. डांबरगोळ्या ठेवू दिल्या नाहीत. वहिनींना दम्याचा त्रास, शिवाय ज्यांच्या अंगात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर कमी असतं त्यांच्या लाल पेशी या गोळ्यांच्या वाफेनं फुटू शकतात. घरात लहान मूल असेल तर ही गोळी कपाटातही नको.

कसर मारायला थंडीचा उपाय चांगला: अंक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे अठरा-वीस अंशांवर दोन आठवडे, मग पिशवी न उघडता हळूहळू बाहेरच्या तापमानाला आणायची. तालुक्याच्या कुल्फीवाल्याकडे मोठा फ्रीजर आहे. वैशाखात विचारायला गेले तर तो हातच जोडायला लागला. "ताई, हंगाम हाय. आषाढात या." आषाढात गेलो. लाइन गेली तर काय, ही भीती होती, पण त्याच्याकडे जनरेटर निघालं. अंकांच्या पिशव्यांवर त्यानं खडूनं लिहिलं होतं, 'खाऊ नये'.

फोटो काढायचं काम नातीनं घेतलं. बारावीचा अभ्यास सांभाळून रोज दोन अंक, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, आधी मुखपृष्ठ, मग नोंद असलेलं पूर्ण पान आणि मग नुसता समास. फाइलला नाव वर्ष-महिना-पान. तिला चांदोबाचे अंकही मोबाइलवर टाकून सगळ्यांना वाटायचे होते. तिला थांबवलं. गुरुजींच्या नोंदी घरच्यांच्या, त्या त्यांनी दाखवाव्यात. छापील मजकुराचं तसं नाही, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो आणि १९५२ साली मराठीत आलेल्या चांदोबाचा बहुतेक मजकूर त्या मुदतीच्या आतलाच असणार. घरी वाचायला फोटो ठेव, वाटू नको. तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

माडी उतरली, स्लॅब पडला, मृगात पाऊस आलाच नाही. भाऊंनी आर्द्रापर्यंत थांबून पेरणी केली. हे त्यांनी नोंदीवरून केलं की यंदा सगळ्या गावानंच थांबून पेरलं म्हणून, ते सांगता येत नाही. शेतीचं मासिक आता घरात येत नाही, म्हणून त्यांनी यंदाची नोंद कालनिर्णयच्या जूनच्या पानावर केली आहे.

दिवाळी अंक आणि सदतीस खंड अजून आजींच्या बाजेखाली आहेत. पुण्याची गाडी गणपतीत येणार होती, मग दसऱ्याला, आता दिवाळीला. कबाडीवाला महिन्यातून एकदा सपरीत डोकावतो. आजी त्याला चहा देतात आणि म्हणतात, "थांब बापा, कार्तिकापर्यंत पाह्यतो."